कार्बोनेटांचा तक्ता पाठ करण्याआधी धातूकडे बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी अकरावीत आहे. कार्बोनेट संयुगांची नावं, सूत्रं आणि गुणधर्म यांचा लांबलचक तक्ता ती प्रत्येक परीक्षेआधी पाठ करते आणि परीक्षा झाली की विसरते. शिवाय घरात खायचा सोडा, धुण्याचा सोडा, पापडखार, चुना, खडू, रांगोळी अशा पांढऱ्या पुडी आहेत. त्यांतलं कार्बोनेट नेमकं कोणतं, हे आईलाही सांगता येत नाही. हे सगळं समजून लक्षात ठेवण्याची काही रीत आहे का?

आहे. मी बरीच वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते आहे आणि क्षार ओळखण्याची प्रात्यक्षिकं घेते आहे. त्या अनुभवावरून सांगते: कार्बोनेटांच्या तक्त्यात पंचवीस ओळी असल्या तरी लक्षात ठेवायची गोष्ट एकच आहे. कार्बोनेटचा भाग सगळ्यांत सारखाच असतो, बदलतो तो धातू. धातूचा आयन (म्हणजे विद्युतभार असलेला अणू किंवा अणूंचा गट) केवढा आहे आणि त्यावर किती भार आहे, एवढं कळलं की ते संयुग पाण्यात विरघळेल का आणि किती तापवल्यावर फुटेल, याचा बराचसा अंदाज स्वतःचा स्वतः बांधता येतो.

आधी सूत्रं. इथे ती आपण बोलतो तशी देवनागरीत लिहिते. अंक त्याच्या लगेच आधीच्या अणूची किंवा कंसाची संख्या सांगतो. मधली जोडरेघ फक्त वाचायच्या सोयीसाठी आहे. कार्बोनेट आयन म्हणजे सीओ३. मध्ये कार्बनचा एक अणू, भोवती ऑक्सिजनचे तीन, सगळे एकाच पातळीत, एकमेकांशी १२० अंशांचा कोन करून. या सगळ्या गटावर मिळून दोन ऋण भार असतात. बायकार्बोनेट म्हणजे त्यालाच एक हायड्रोजन चिकटलेला, एचसीओ३. त्यावर ऋण भार एकच. सूत्र लिहिणं म्हणजे भारांची बेरीज शून्य करणं. सोडियमवर एक धन भार, म्हणून दोन सोडियम लागतात: एनए२-सीओ३. कॅल्शियमवर दोन, म्हणून एकच पुरतो: सीए-सीओ३. बायकार्बोनेटला सोडियम एक पुरतो, एनए-एचसीओ३; कॅल्शियमला मात्र दोन बायकार्बोनेट लागतात, सीए-(एचसीओ३)२. अमोनियम हा धातू नाही, पण एक धन भार घेऊन धातूसारखाच वागतो: (एनएच४)२-सीओ३. एवढ्या पाच उदाहरणांत तक्त्यातली जवळजवळ सगळी सूत्रं बसतात. पोटॅशियम आणि लिथियम सोडियमसारखे. मॅग्नेशियम, बेरियम, स्ट्रॉन्शियम, जस्त आणि शिसं कॅल्शियमसारखे.

इथे एक इशारा देते, कारण संयुजेच्या सरावात हे सर्रास विचारलं जातं. अ‍ॅल्युमिनियमवर तीन धन भार, म्हणून सूत्र एएल२-(सीओ३)३ असं मुलं लिहितात आणि त्यांना गुणही मिळतात. कागदावर ते बरोबर आहे, पण ते संयुग बाटलीत भरून ठेवता येत नाही. तुरटीच्या पाण्यात धुण्याच्या सोड्याचं द्रावण घाला. फसफस होते आणि तळाशी पांढरा, जेलीसारखा साका बसतो. तो अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा असतो आणि कार्बोनेट वायू होऊन उडून गेलेलं असतं. फेरिक, म्हणजे तीन धन भारांच्या, लोखंडाचंही तेच होतं. आयन लहान आणि भार मोठा असला की तो कार्बोनेटला टिकूच देत नाही. हे वाक्य तिला वहीत मोठ्या अक्षरात लिहायला सांगा. पुढे तापवण्याच्या भागात हेच पुन्हा लागणार आहे.

आता स्वयंपाकघराकडे वळू, कारण खरा घोटाळा तिथे आहे. ‘सोडा’ या एका नावाखाली निदान तीन वस्तू घरात येतात.

धुण्याचा सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट. रेणुभार १०६. स्फटिकरूपात तो पाण्याचे दहा रेणू धरून असतो, एनए२-सीओ३ · १०एच२ओ, आणि मग रेणुभार २८६ होतो. म्हणजे वजनाचा जवळजवळ ६३ टक्के भाग पाणीच. ते खडे उघड्यावर राहिले की पाणी सोडतात, त्यांची चकाकी जाते आणि वर पांढरी पूड धरते. दुकानात हल्ली पुष्कळदा मिळते ती कोरडी पूड, जिला कारखान्यात सोडा अ‍ॅश म्हणतात. कोरडी पूड पाण्यात घातली की पाणी कोमट होतं. द्रावणाचा सामू (पीएच; ७ म्हणजे उदासीन, त्यावर अल्कली) ११ च्या आसपास जातो, बोटांना बुळबुळीत लागतं, आणि ते पोटात घेण्याजोगं अजिबात नाही. कपड्यांत त्याचं काम मळ सैल करणं आणि जड पाणी मऊ करणं. पाण्यातलं कॅल्शियम त्याच्याशी संयोग पावून न विरघळणारं कॅल्शियम कार्बोनेट बनतं आणि बाजूला पडतं, मग साबणाला फेस येतो.

खायचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, रेणुभार ८४. पाण्यात तो तुलनेनं कमी विरघळतो: २० अंश सेल्सियसला १०० ग्रॅम पाण्यात साधारण साडेनऊ ग्रॅम, तर धुण्याचा सोडा त्याच पाण्यात एकवीस-बावीस ग्रॅम. सामू सव्वाआठच्या आसपास, म्हणजे जेमतेम अल्कली. विरघळताना पाणी किंचित गार होतं. त्याचा सगळ्यात उपयोगी गुण म्हणजे तो उष्णतेला फार दम धरत नाही. ५० अंशांपासूनच हळूहळू आणि १०० च्या वर भराभर त्याचं सोडियम कार्बोनेट, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतं. दोन रेणू फुटले की एक रेणू वायू सुटतो. आणि इथेच पाकशास्त्राचा एक मुद्दा दडलेला आहे. ढोकळ्यात किंवा केकमध्ये नुसता सोडा घातला तर त्याच्या निम्म्याच कार्बनचा वायू होतो, आणि उरलेलं सोडियम कार्बोनेट पदार्थात राहून साबणासारखी चव देतं. ताक, दही किंवा लिंबू सोबत असेल तर प्रत्येक रेणूमागे एक रेणू वायू मिळतो आणि कार्बोनेट मागे उरत नाही. म्हणून आंबट पिठात सोडा कमी लागतो आणि चवही स्वच्छ राहते. बेकिंग पावडर म्हणजे हाच सोडा, त्याच्याबरोबर एखादं कोरडं आम्लधर्मी संयुग आणि दोघांना ओल लागू नये म्हणून स्टार्च.

तिसरी वस्तू पापडखार. जुन्या काळी तो सज्जीखार असे; खारट जमिनीवर वाढणाऱ्या वनस्पती जाळून त्यांच्या राखेतून काढलेला. त्यात मुख्य भाग सोडियम कार्बोनेटचा. आजच्या पुड्यांत कार्बोनेट आणि बायकार्बोनेट यांचं मिश्रण असतं आणि प्रमाण उत्पादकागणिक बदलतं, म्हणून पापडखाराला एकच सूत्र लिहू नये. राखेवरून आणखी एक आठवलं: जव जाळून काढलेला जवखार मात्र पोटॅशियमचा, के२-सीओ३. लाकडाच्या राखेतही हाच. आज्या राखेनं भांडी घासत तेव्हा तेलकटपणा सुटण्यात या पोटॅशियम कार्बोनेटचा हात असे. ते इतकं ओलावा ओढतं की बाटलीचं झाकण सैल राहिलं तर आत पाक झालेला सापडतो.

आता विरघळण्याचा नियम. सोडियम, पोटॅशियम आणि अमोनियम यांची कार्बोनेटं पाण्यात सहज विरघळतात. बाकी जवळजवळ कोणाचीच नाहीत. लिथियमचं मधलं आहे: १०० ग्रॅम पाण्यात सव्वा ग्रॅमच्या आसपास, आणि पाणी तापवलं तर त्याहून कमी. कारण पुन्हा तेच. एक भाराचा मोठा आयन कार्बोनेटला सैल धरतो, पाणी त्यांना वेगळं करू शकतं. दोन भारांचा आयन घट्ट धरतो, पाण्याचं काही चालत नाही. कॅल्शियम कार्बोनेट लिटरभर शुद्ध पाण्यात काही मिलिग्रॅमच विरघळतं.

हा नियम पुस्तकातला वाटतो, पण महाराष्ट्रात तो जमिनीवर लिहिलेला दिसतो. बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर घ्या. उल्केच्या आघातानं बेसॉल्टमध्ये झालेलं विवर, व्यास सुमारे १.८ किलोमीटर. पाणी आत येतं, बाहेर जायला वाट नाही. आजूबाजूच्या काळ्या खडकावर पाण्याची आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडची क्रिया होऊन सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि भरपूर बायकार्बोनेट सरोवरात उतरतं. उन्हात पाणी आटायला लागलं की आधी कॅल्शियम कार्बोनेट बसतं, कारण ते विरघळत नाही. कॅल्शियम असं संपून जातं. मागे राहतं सोडियम आणि त्याच्या जोडीचं कार्बोनेट-बायकार्बोनेट. ते विरघळतं, म्हणून पाण्यातच साठत जातं. त्यामुळे सरोवराचा सामू १० च्या आसपास नोंदला गेला आहे. पूर्वी उन्हाळ्यात काठावर जमणारा हा खार गोळा करून विकला जाई आणि त्याच्या प्रतींना दल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशी स्थानिक नावं होती. निसर्गात सोडियम कार्बोनेट, बायकार्बोनेट आणि पाणी मिळून जो स्फटिक बनतो त्याला ट्रोना म्हणतात: एनए२-सीओ३ · एनए-एचसीओ३ · २एच२ओ. लोणारच्या गाळात गेलुसाइट नावाचं खनिजही सापडलं आहे, ज्यात सोडियम आणि कॅल्शियम दोघांची कार्बोनेटं एकाच स्फटिकात आहेत. तुमच्या मुलीला विद्राव्यतेचा नियम कंटाळवाणा वाटत असेल तर तिला लोणारला घेऊन जा.

दुसरं उदाहरण शेतातलं, आणि हे मला त्याहून महत्त्वाचं वाटतं. माती परीक्षणाच्या अहवालात सामू आणि चुनखडीचं प्रमाण असे दोन आकडे असतात. मातीत कॅल्शियम कार्बोनेट कितीही असलं तरी त्याच्या कमी विद्राव्यतेमुळे सामू साधारण सव्वाआठ-साडेआठच्या पलीकडे जात नाही. सामू साडेआठच्या वर चालला असेल तर तिथे सोडियम कार्बोनेट किंवा बायकार्बोनेट असल्याची शंका घ्यावी. ती चोपण जमीन. सोडियममुळे चिकणमातीचे कण विखुरतात, पाणी मुरत नाही, ओली असताना चिकट आणि वाळली की दगड. तिच्यावर जिप्सम टाकायला सांगतात ते का? जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट. त्यातलं कॅल्शियम विरघळणाऱ्या सोडियम कार्बोनेटचं न विरघळणारं कॅल्शियम कार्बोनेट करून टाकतं, सामू खाली येतो. मातीच्या कणांना चिकटलेल्या सोडियमची जागाही कॅल्शियम घेतं. सुटलेलं सोडियम सल्फेट मात्र पाण्यानं धुऊन निचऱ्यावाटे बाहेर गेलंच पाहिजे, नाहीतर जिप्समचा पैसा वाया. उलट, नुसत्या चुनखडीच्या जमिनीत जिप्सम टाकून फारसं काही साधत नाही. तिथला त्रास वेगळा असतो: लोह पिकाला मिळत नाही, संत्र्या-मोसंबीची कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. दोन्ही जमिनींत दोष कार्बोनेटचाच, पण धातू वेगळा, म्हणून उपाय वेगळा.

कॅल्शियम कार्बोनेटवर थोडं थांबते, कारण सगळ्या कुटुंबात ते सर्वांत पसरलेलं आहे. चुनखडी, संगमरवर, शंख, शिंपले, कवड्या, मोती, अंड्याचं कवच, सगळं तेच. रेणुभार जवळजवळ बरोबर १००, त्यामुळे गणितं करायला याच्यासारखं सोपं संयुग नाही. १०० किलो शुद्ध चुनखडी भाजली की ५६ किलो कळीचा चुना उरतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. चंद्रपूर जिल्ह्यात राजुरा, कोरपना भागात सिमेंटचे कारखाने का उभे राहिले याचं उत्तर तिथल्या चुनखडीत आहे, आणि सिमेंट उद्योगाचं कार्बन उत्सर्जन निव्वळ कोळसा कमी जाळून का संपत नाही, याचं उत्तर या ४४ मध्ये.

चुन्याच्या नावांत मुलं फार गोंधळतात, म्हणून क्रम सांगते. चुनखडी सीए-सीओ३. ती भट्टीत भाजली की कळीचा चुना, सीएओ. त्यावर पाणी टाकलं की तो रटरट उकळतो, फुटतो आणि विरलेला चुना होतो, सीए-(ओएच)२. पानाला लावतात तो हाच. त्याचं निवळलेलं पाणी म्हणजे चुन्याची निवळी. भिंतीला दिलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू शोषून पुन्हा सीए-सीओ३ होतो. म्हणजे डबीतला चुना कार्बोनेट नव्हे, पण त्याच चुन्यानं रंगवलेली जुनी भिंत कार्बोनेट आहे. कोकणात आणि गोव्यात दगडाची चुनखडी कमी, म्हणून तिथे शिंपले भाजून चुना करत. कितीतरी गडांवर बैलांनी ओढायचे चुन्याचे घाणे अजून दिसतात. त्यांत मळलेला चुना दगडांच्या सांध्यांत बसला आणि बाहेरून आत असा वर्षानुवर्षं कार्बोनेट होत गेला.

चुन्याच्या निवळीत फुंकर घातली की ती दुधाळ होते, हे सातवी-आठवीपासून माहीत असतं. पण फुंकत राहिलं तर ती पुन्हा नितळ होते, हे बरेच जण करून बघत नाहीत. जास्तीचा कार्बन डायऑक्साइड मिळाला की कॅल्शियम कार्बोनेटचं कॅल्शियम बायकार्बोनेट होतं आणि ते विरघळतं. विहिरीच्या आणि बोअरच्या पाण्यात कॅल्शियम येतं ते बऱ्याच अंशी याच वाटेनं. तेच पाणी तापवलं की क्रिया उलटी फिरते: वायू निघून जातो आणि गीझरच्या कॉइलवर, पातेल्याच्या तळाशी पांढरा थर बसतो. उकळून जाणारा जडपणा तो हाच. मॅग्नेशियम बायकार्बोनेट असेल तर चांगलं उकळल्यावर बहुतेक मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड बसतं. परीक्षेत इथे कार्बोनेट लिहिलं की गुण जातात. थर काढायला व्हिनेगर किंवा लिंबाच्या सत्वाचं कोमट पाणी घालून ठेवा, खरवडू नका. आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची: कॅल्शियम आणि मॅग्नेशियम बायकार्बोनेट फक्त द्रावणात असतात. पाणी आटवून त्यांची पूड मिळवायला गेलं तर हाती कार्बोनेटच येतं. घन बायकार्बोनेट द्यायचं काम सोडियम, पोटॅशियम आणि अमोनियम यांसारख्या मोठ्या, एक भाराच्या आयनांचं.

खडू आणि रांगोळीचं उत्तर देते. खडू हे नाव कॅल्शियम कार्बोनेटच्या मऊ दगडाचं असलं, तरी शाळेत फळ्यावर लिहायचे पांढरे खडू पुष्कळदा जिप्समचे, म्हणजे सल्फेटचे असतात. व्हिनेगरचा थेंब टाकून बघा. फसफसला नाही तर तो कार्बोनेट नाही. रांगोळीची पूड ज्या दगडाची केली असेल त्यावर अवलंबून. कॅल्साइटची असेल तर जोरात फसफसते. डोलोमाइट, सीए-एमजी-(सीओ३)२, असेल तर थंड व्हिनेगरमध्ये मंद बुडबुडे येतात, आणि गारगोटीची असेल तर काहीच होत नाही.

आता तापवण्याचा क्रम. आयन लहान असला की त्याचा भार थोड्या जागेत दाटलेला असतो आणि तो कार्बोनेटमधला एक ऑक्सिजन स्वतःकडे ओढतो. ओढ जितकी जास्त, तितकं कार्बोनेट लवकर फुटून धातूचं ऑक्साइड आणि कार्बन डायऑक्साइड होतं. आवर्तसारणीच्या दुसऱ्या गणात (उभ्या स्तंभात) वरून खाली जा: मॅग्नेशियम सुमारे ५४० अंश सेल्सियस, कॅल्शियम ९००, स्ट्रॉन्शियम १२९०, बेरियम १३६०. आकडे पाठ करू नका. आयन मोठा होत जातो तसं तापमान चढतं, एवढं पुरे. सोडियम आणि पोटॅशियमची कार्बोनेटं तर फुटण्याऐवजी वितळतात, पहिलं ८५१ अंशांना, दुसरं ८९१ ला. सोडियमच्याच गणातलं लिथियम मात्र इतकं लहान की त्याचं कार्बोनेट चांगलं तापवल्यावर फुटतं. लिथियमचं वागणं मॅग्नेशियमशी मिळतंजुळतं, असं पाठ्यपुस्तकात येतं त्याचा हा एक पुरावा. लिथियम कार्बोनेट औषध म्हणूनही मोठं आहे. मनोविकारात लिथियमच्या क्षारांचा उपयोग १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या जॉन केड यांनी मांडला आणि मनःस्थितीच्या तीव्र चढ-उतारांच्या आजारात ते आजही दिलं जातं, रक्तातली पातळी मोजत.

अमोनियम कार्बोनेट वेगळं. तापवलं की त्याचा अमोनिया, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होऊन मागे काहीच राहत नाही. बेशुद्ध माणसाला हुंगायला देत ते हेच. त्याचं भावंड अमोनियम बायकार्बोनेट बिस्किटांच्या कारखान्यांत वापरतात. बिस्किट पातळ असल्यानं अमोनिया भाजताना पूर्ण निघून जातो. जाड केकमध्ये तो आत अडकेल, म्हणून तिथे चालत नाही.

रंगीत आणि जड धातूंबद्दल थोडक्यात. तांब्याचं साधं कार्बोनेट मिळत नाही. मिळतं ते हायड्रॉक्साइडसह, सीयू२-सीओ३-(ओएच)२. खनिजात त्याला मॅलाकाइट म्हणतात, प्रयोगशाळेत हिरवी पूड. तापवली की काळी पडते, आणि ‘हिरवी पूड, तापवल्यावर काळा अवशेष, वायूनं निवळी दुधाळ’ असं दिसलं की तांबं ओळखलंच म्हणून समजा. जुन्या तांब्याच्या भांड्यावरच्या हिरव्या थरातही हे असतं, म्हणून चिंच किंवा लिंबू लावल्यावर तो निघतो. जस्ताचं कार्बोनेट झेडएन-सीओ३ पांढरं. तापवलं की अवशेष गरम असताना पिवळा, थंड झाल्यावर पांढरा. शिशाचं पीबी-सीओ३ आणि त्याच्या जातीचा सफेदा एके काळी रंगात वापरत. तो विषारी आहे. जुन्या घराचा रंग खरवडताना त्याची धूळ श्वासात जाऊ देऊ नका आणि लहान मुलांना दूर ठेवा. मॅग्नेशियम कार्बोनेट म्हणजे जिम्नॅस्ट हाताला लावतात ती हलकी पूड. बाजारात ते बहुधा हायड्रॉक्साइड मिसळलेलंच मिळतं.

आम्लाची परीक्षा सगळ्यांना लागू: सौम्य आम्ल टाकलं की कार्बन डायऑक्साइड. पण प्रात्यक्षिकात मुलं इथे तीन ठिकाणी अडतात. संगमरवराच्या तुकड्यावर सौम्य सल्फ्युरिक आम्ल टाकलं तर फसफस सुरू होते आणि थांबते, कारण वर न विरघळणाऱ्या कॅल्शियम सल्फेटचा थर बसतो. शिशाच्या कार्बोनेटचं हायड्रोक्लोरिक आम्लात तसंच होतं. तिथे नायट्रिक वापरा. तिसरी अडचण निवळीची. सल्फाइटमधून निघणारा सल्फर डायऑक्साइडसुद्धा निवळी दुधाळ करतो. म्हणून आधी वासाकडे लक्ष द्या: जळत्या गंधकासारखा उग्र वास म्हणजे सल्फाइट, वास नाही म्हणजे कार्बोनेट. शंका राहिली तर आम्लयुक्त पोटॅशियम डायक्रोमेटचा कागद धरा. सल्फर डायऑक्साइड त्याला हिरवा करतो, कार्बन डायऑक्साइड करत नाही.

बेरियम कार्बोनेटचा इशारा द्यायलाच हवा. ते पाण्यात विरघळत नाही, म्हणून निरुपद्रवी वाटतं. पण जठरात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. तिथे त्याचं विरघळणारं बेरियम क्लोराइड होतं आणि माणूस दगावू शकतो. उंदरांचं विष म्हणून ते वापरलं गेलं आहे ते यामुळेच. एक्स-रेच्या आधी पाजतात ते बेरियम सल्फेट. आम्लातही विरघळत नाही म्हणून सुरक्षित. तेच जठरातलं आम्ल कॅल्शियम कार्बोनेटला मात्र कामाला लावतं. आम्लपित्ताच्या गोळ्यांत ते असतं ते आम्ल मारण्यासाठी. कॅल्शियमच्या १२५० मिलिग्रॅम कार्बोनेटच्या गोळीत कॅल्शियम ५०० मिलिग्रॅम, कारण १०० मध्ये कॅल्शियमचा वाटा ४०. ही गोळी जेवणाबरोबर घ्यायला सांगतात, कारण तेव्हा जठरात आम्ल पुरेसं असतं.

आता तुमच्या मुलीसाठी एक प्रात्यक्षिक. चार वाट्यांत रांगोळी, खडूची पूड, खायचा सोडा आणि धुण्याचा सोडा घ्या, नावं झाका आणि तिला ओळखायला सांगा. चव बघायची नाही. आधी प्रत्येकातली चिमूट पाण्यात ढवळायची: दोन विरघळतील, दोन बसतील. बसलेल्या दोन्हींवर व्हिनेगर टाकायचं. फसफसेल ती पूड कार्बोनेट. मग खडू कोणता आणि रांगोळी कोणती, हे त्या दिवशीच्या पुड्यांनुसार ठरेल, आणि दोन्ही फसफसल्या किंवा दोन्ही गप्प राहिल्या तरी ते खरं उत्तरच आहे. विरघळलेल्या दोन्हींत हळदीचं पाणी घालायचं: धुण्याच्या सोड्यात हळद एकदम गडद तांबडी होते, खायच्या सोड्यात जेमतेम लालसर. खात्री करायची असेल तर औषधाच्या दुकानातून एप्सम सॉल्ट आणा, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. त्याचं द्रावण धुण्याच्या सोड्यात घातलं की थंडच असताना पांढरा साका येतो, खायच्या सोड्यात नाही. पण तीच खायच्या सोड्याची वाटी उकळली की तिथेही येतो, आणि तो का आला, हे तिनं वर काय वाचलं त्यावरून सांगायचं.

महाविद्यालयात काटा मिळाला तर एक मोजमापही करून घ्या. खायचा सोडा बरोबर ८.४ ग्रॅम घेऊन चिनी मातीच्या वाटीत चांगला तापवायचा, गार करून तोलायचा, पुन्हा तापवून पुन्हा तोलायचा, वजन बदलायचं थांबेपर्यंत. हिशेबानं ५.३ ग्रॅम उरले पाहिजेत. त्याहून जास्त उरले आणि तापवणं पूर्ण झालेलं असेल, तर जुन्या डब्यातल्या त्या सोड्याचा काही भाग आधीच धुण्याचा सोडा होऊन बसलेला आहे.